लेकीच्या गाडीला टर्बो

मिस्त्रीने आयुष्यभर लोकांची इंजिनं उघडली, पण लेकीच्या गाडीला टर्बो बसवायला तो तयार नव्हता. तिला शर्यतीत उतरायचं होतं. "तुम्ही नाही बसवलात, तर दुसरीकडून बसवून घेईन," असं ती म्हणाल्यावर त्याचा नाइलाज झाला.

ते इंजिन आपल्यापुरती हवा आपणच ओढून घेणारं. टर्बो त्यात जास्तीची हवा कोंबणार, म्हणजे आतला दाब आणि उष्णता वाढणार. ती उष्णता आवरायला त्याने पेट्रोल वाढवलं, टर्बोचा दाब कमी ठेवला, तरी त्याचा जीव टांगणीलाच होता.

चाचणीला तो तिच्या शेजारी बसला. चढावर तिने पाय दाबला, तशी गाडी उसळली आणि लेक हसली. त्याला मात्र इंजिनातून बारीक टकटक ऐकू आली; आत पेट्रोल अवेळी पेटत होतं.

"पाय काढ."

"अहो बाबा, आत्ताच तर कुठे..."

"काढ म्हणतो ना."

त्याचा पांढराफटक चेहरा पाहून तिने पाय उचलला आणि गाडी कडेला घेतली. इंजिन निवल्यावर त्याने प्लग काढला. त्यावर पिस्टनच्या धातूचे कण चिकटले होते.

"अजून पळवली असती तर?" तिने हळूच विचारलं.

"पिस्टनला भोक पडलं असतं." आणि ते भर वेगात, वळणावर झालं असतं तर, हे त्याच्याने बोलवेना.

"आधी मजबूत पिस्टन घालू या," ती म्हणाली. "पुढच्या वेळीही तुम्ही शेजारी बसाल ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या गाडीला दोरीने बांधून ही गाडी ओढून नेताना स्टिअरिंगवर मात्र तो स्वतःच बसला.