हलक्या हाताची शेजारीण

बोईसरच्या आमच्या प्रयोगशाळेत ती शेजारच्या टेबलावर काम करायची. नवीनच आलेली. तिचं नाव विचारायचंही माझ्या जिवावर यायचं.

पेशीत दाह वाढला की मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांना आवर घालणारे इवले रेणू, घडवणारं प्रथिन दुसऱ्या कोणत्या प्रथिनाला चिकटतं, हे आम्ही दोघी शोधत होतो. तिला जोडी सापडायची. मला नुसतं एकटं प्रथिन. नको असलेली प्रथिनं काढायला नमुना धुताना ती नळी तान्ह्या बाळासारखी अलगद कलती करायची. मी खसाखसा हलवायची.

एकदा तिच्या गावच्या, घिवलीच्या बोलीत तीच म्हणाली, “ताई, तुमी फार जोरात धुता. जोडीदार पाण्याबरोबर जातो, मग तुमाला वाटतं, तो नव्हताच.”

तिला खोटं पाडायचं म्हणून, रागानेच मी हलक्या हाताने धुतलं. जोडी दिसली. सगळ्यांत आधी टाळ्या तिनेच वाजवल्या, अगदी मनापासून.

तेव्हा तर मी आणखीच जळले.