भरवणारी बाई

भूत मी केलं होतं. हसा खुशाल — मीही हसते, पण जरा थांबून. दुष्काळाच्या त्या सालांत, सोलापुरातल्या आमच्या घरात भरदुपारी जी बाई यायची, ती माझ्या डोक्यातून निघालेली. गेल्या उन्हाळ्यापर्यंत हे मी कुणापाशी बोलले नव्हते. नवऱ्यापाशी नाही. देवापुढं तर नाहीच — त्याला सगळं आधीच कळतं म्हणतात, मग उगाच तोंड कशाला उघडा?

तेव्हाची मी कशी होते, सांगू? तिशीच्या आतली, अंगानं काडी, आणि आपल्याइतकी हुशार बाई अख्ख्या पेठेत नाही अशी पक्की खात्री. मूल नव्हतं अजून. धाकट्या जावेला, शांताला, होतं — गौरा. सहा वर्षांची, गोल गरगरीत. मला ती दोड्डव्वा म्हणायची. आमच्या कानडीत थोरली आई. रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन लोकांची गालफडं बसली होती, आणि आमच्या घरात हे असलं लोण्याचं लेकरू! आम्ही तिला मिरवत होतो. खोटं कशाला बोलू?

धास्ती वाटली ती एकट्या शांताला. जिना चढताना पोर धापा टाकते, म्हणून ती तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हे बाळसं नव्हे. आत्ता आवरलं नाही, तर ऐन तरुणपणी साखर, रक्तदाब, गुडघे — सगळं हिच्या मागं लागेल. गोड बंद, तूप कमी, आणि पोरीला पळू दे, खेळू दे. शांतानं ते मनावर घेतलं. दाण्यागुळाच्या शेंगापोळीचा डबा वरच्या फळीवर गेला.

मला राग आला. कुणाचा — डॉक्टरांचा? शांताचा? की दुपारी आपल्या हातून खाणारं एकुलतं एक तोंड आता हातातून जाणार, याचा?

मग काय — गिरणीचा भोंगा होऊन जायचा, घरातली माणसं जेवून कलंडायची, उन्हानं गल्ली अशी रिकामी व्हायची की आपलाच श्वास ऐकू यावा. त्या वेळी मी गौराला कोठीच्या खोलीत बोलवायची. शेंगापोळी, वर तुपाची धार. ती मुकाट्यानं खायची. मी बघत बसायची.

एकदा शांताला तिचे तुपकट ओठ दिसले. पण मी पोरीला आधीच पढवून ठेवलं होतं — कुणी विचारलं तर सांगायचं, हिरव्या लुगड्याची एक बाई येते, ती भरवते. केवढी गंमत वाटली होती मला माझ्याच डोक्याची!

गौरानं अगदी तसंच सांगितलं. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"हनुवटीवर गोंदण हाय का गं तिच्या?"

"व्हय," गौरा म्हणाली.

गोंदणाचं मी पढवलं नव्हतं.

सासूबाईंची थोरली जाऊ, हनुवटीवर गोंदण असलेली, त्याच कोठीत वारली होती म्हणे — आजारी, आणि उपाशी. मला हे त्या दिवशी कळलं. घरानं लगेच निकाल लावला: आई लेकराला उपाशी मारते, म्हणून मेलेली बाई येऊन भरवते. शांताला इतकं बोलले, इतकं बोलले, की तिनं परत म्हणून डॉक्टरांचं नाव काढलं नाही. डबा खाली आला. आता जो तो पोरीला भरवायला लागला. मी तिथंच चुलीपाशी उभी होते. 'अहो, ती बाई मीच' — एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

पुढं एका दुपारी सासूबाई अक्कलकोटला गेल्या होत्या, शांता नळावर होती. मी कोठीत गेले, तर गौरा आधीच तिथं बसलेली. ओठ तुपानं माखलेले. म्हणाली, "आज तिनं भरवलं की." डबा फडताळात होता. सासूबाई जाताना फडताळाला कुलूप घालून गेल्या होत्या, किल्ली माझ्या कनवटीला. उंदीर? मांजर? ओठांना तूप लावून जाणारं मांजर कुणी पाहिलंय?

मी ओरडत बाहेर पळाले असते तरी चाललं असतं. पण मी कुलूप काढलं आणि आणखी एक पोळी तिच्या हातात दिली. मेलेल्या बाईपुढं मला हरायचं नव्हतं. एवढी मी हुशार.

गौराच्या मानेवर पुढं काळा पट्टा उमटला. शांता मळ समजून दगडानं घासायची. पोर रडायची, मान सोलवटायची, पट्टा जायचा नाही. तो मळ नव्हता. अंगात साखर यायच्या आधीची ती खूण होती, हे आम्हांला फार वर्षांनी कळलं. साखर आली तेव्हा गौरा तिशीचीही नव्हती. मग रक्तदाब. मग डोळ्यांपुढं धुकं. मग पायाचं एक बोट काढलं. शांता गेली, ती पोरीचं हे आपल्यामुळंच झालं असं म्हणत गेली. मी तिच्या उशाशी बसले होते. तेव्हाही बोलले नाही. मला नंतर मुलगा झाला, नातवंडं झाली; त्यांच्या ताटात मी मोजून वाढते. शहाणपण आलं, ते असं दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर.

गेल्या उन्हाळ्यात गौराचं पाऊल काढायचं ठरलं. आदल्या दुपारी मी दवाखान्यात तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं — डॉक्टर काय म्हणाले होते ते, हिरवं लुगडं, चुलीपाशी गिळलेलं ते एक वाक्य, तिच्या आईच्या माथी मारलेलं पाप. ती छताकडं बघत ऐकत होती. मग माझ्याकडं वळली.

"पोट भरलेलंच असायचं की माझं, दोड्डव्वा. पण मी खायचं थांबले की तू लगेच उठून जायची. ती बाई बसून ऱ्हायची."