डावो पेटलो?

माझा नवरा खोटारडा होता.

आज संतोषला जाऊन वर्ष झालं. आणि त्याचा खोटेपणा मला आज सकाळी कळला.

त्याचा ट्रेलर विक्रोळीला, आमच्या चाळीसमोरच्या सर्व्हिस रोडवर उभा असायचा. आमचं भांडण झालं की मी अबोला धरायचे. माझा अबोला म्हणजे डेली सोप, लवकर संपायचाच नाही.

मग हा दारात. "चल गो, लाइट बघूक. एकट्याक जमणा नाय."

मला ते पटायचं. ब्रेक दाबायचा केबिनमध्ये, दिवे लागणार पार शेपटाला. एक माणूस दोन्हीकडे कसा असेल?

म्हणून मी राग गिळून मागे जाऊन उभी राहायचे.

"डावो पेटलो?"

"पेटला!"

"उजवो?"

"पेटला!"

"ब्रेक?"

"सगळेच मिणमिणतायत रे!"

मग तो उतरायचा. गाडीतून ट्रेलरला करंट नेणारा जाडा प्लग उघडून आतली पांढरी वायर दाखवायचा.

"ही अर्थिंगची वायर. सगळ्या दिव्यांचो करंट हिच्यावाटेच परत येता. ही ढिली झाली की ब्रेक दाबलो तरी भलतेच पेटतत. तुझा तसाच गो. राग एकाचो, काढतंस दुसऱ्यार."

मला हसू यायचं. झालं, अबोला खल्लास. हायवेच्या गोंगाटात ओरडून बोलल्यावर कसला डोंबलाचा अबोला!

आता ट्रेलर माझा दीर सतीश चालवतो. आज सकाळी तो निघत होता, तर वर्षभरात पहिल्यांदाच मी जुन्या सवयीने खाली गेले. ब्रेकचे दिवे आधीच लाल. झकास.

पण केबिनमध्ये कुणीच नाही. सतीश माझ्या शेजारी उभा.

"अरे, ब्रेक कोण दाबतंय?"

"दांडका, वहिनी. सीट आणि पेडलच्या मधे अडकवायचा. दादानेच शिकवलं. बाहेरगावी तो असंच बघायचा ना, एकटा."

एकटा.

मी तिथेच रस्त्यावर रडले. सतीश घाबरला बिचारा.

मेल्या, लाइट बघायला तुला मी कधी लागतच नव्हते. तरी दरवेळी बोलवायला यायचास.

आणि आता वर्षभर तू अबोला धरलायस. माझ्याही वरताण निघालास. हा तोडायला मी कुणाला हाक मारू?

संतोष, डावा पेटला. उजवा पेटला. ब्रेकपण पेटला.

सावकाश जा रे.