सातव्या खुर्चीनंतरचं पाणी

"मावशी, उठतच आहात तर एवढं पाणी बदलून आणता का?"

मी उठत नव्हते. माझे दोन्ही पाय टबात होते. समोर गुडघ्यांवर फादर, त्यांच्या खांद्यावर टॉवेल. खाली हॉलमध्ये अख्खी शाळा, पुढच्या रांगेत पालक. आणि शेजारच्या आठव्या खुर्चीवरून सुपरवायझर मॅडम हे बोलल्या. गोड आवाजात. त्यांचा आवाज नेहमीच गोड, खवा घातल्यासारखा.

आता बैजवार सांगते.

सोलापुरातल्या एका कॅथलिक हायस्कुलात मी शिपाई आहे. घंटा मी देते, वर्ग मी झाडते, मुलींच्या वेण्या सुटल्या तर मीच बांधते. माझं नाव तिथं फक्त हजेरीपटाला माहीत. बाकी सगळ्यांची मी मावशी. ईस्टरच्या सुटीआधी आमच्याकडं पाय धुण्याचा विधी असतो. येशूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून फादर शाळेतल्या बारा जणांचे धुतात. विद्यार्थी, शिक्षक, पालक, सगळ्यांतले निवडून. एकच टब, एकच टॉवेल. मागं फलक: 'आपण सारे एक कुटुंब'. यंदा फादर म्हणाले, "मावशी, तुम्हीही बसा."

मी हरखले. आदल्या संध्याकाळी वजरीनं टाचा घासून घासून लाल केल्या. लेकीनं नखांना गुलाबी रंग लावला. लेक माझी त्याच शाळेत, नववीत. वर्गाची मॉनिटर.

"आई, धुवायला न्यायचे पाय आधी घरीच धुतीस व्हय?"

"अगं, समदेच धुऊन येत्यात," मी म्हणाले.

आणि खरंच सांगते, त्या दिवशी स्टेजवर जे चोवीस पाय होते, तेवढे लखलखीत पाय साऱ्या सोलापुरात सापडले नसते.

सहा जणांचे पाय त्या टबात बुडून निघाले. पाण्याला कुणी काही म्हणालं नाही. सातवी मी. पाणी तेच होतं. फक्त आता ते माझं झालं.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी निळी कमान आहे. मॅडमना ती ठाऊक आहे. माझा पत्ता त्यांच्याच कपाटात असतो.

मी शाळेतली विनोदी बाई. नकला करते, फादरांचीसुद्धा. तेव्हा मी पाय टबातच रोवले आणि म्हणाले, "मॅडम, आज मी शिपाई न्हाय. आज मी बारांतली हाय. बसलीया मी."

पालक हसले. एकानं शेजारच्याला टाळीही दिली. मावशींचा विनोद!

मी हसले नाही. मग हॉलमधलं हसू एकेका रांगेतून विझत गेलं. मी फादरांकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. शपथेवर सांगते, कळलं होतं. माणूस वाईट नाही. टॉवेलची घडी घालत ते म्हणाले, "कार्यक्रम पुढं नेऊ या."

मॅडमनी हॉलकडं हात केला. नेमका नववीच्या रांगेकडं.

"बाळा, तू ये. तू आण ताजं पाणी."

लेक उठली. मी मान हलवली, नको. तिनं पाहिलं. तरी स्टेजवर आली, टबाशी वाकली आणि माझ्या कानाशी कुजबुजली,

"आई, पाय काढ की. सगळी बघत्यात."

मॅडमसाठी काढले नसते. फादरांसाठी काढले नसते. काढले.

दोन्ही हातांनी टब उचलून ती गेली. पाणी हिंदकळून तिचा युनिफॉर्म भिजला. माझ्या पायांचं पाणी. ताजं पाणी आलं. टॉवेलही नवा आला. अख्ख्या जगाला अंग पुसायला टॉवेल विणून देणारं हे गाव, एका टॉवेलाची काय ती कमी! माझे पाय तसेच वाळले.

निकालाच्या दिवशी लेकीला प्रमाणपत्र मिळालं. सेवाभावासाठी. टब घेतलेला तिचा फोटो ऑफिसबाहेरच्या फलकावर लागला. तिथली फरशी रोज मी पुसते.

प्रमाणपत्र मी फादरांच्या टेबलावर ठेवलं. "हे परत घ्या."

"मावशी, त्यानं मुलगी दुखावेल."

"दुखावंल, फादर. पर टब उचलल्याचं बक्षीस माझ्या घरात ऱ्हायाचं न्हाय."

लेक दुखावली. अजून बोलत नाही. तिला ते प्रमाणपत्र हवं होतं. तिच्या मते मी तिची शाळेत शोभा केली. मॅडम रोज 'गुड मॉर्निंग, मावशी' म्हणतात. खवा तसाच.

शाळा पुन्हा सुरू झाली आहे. घंटा मीच देते. पुढच्या खेपेला मला कुणी बारांत बसवणार नाही. शाळा बदलेल, मॅडम बदलतील, अशी आशा मी ठेवलेली नाही. लेकीला कधी कळेल, तेही माहीत नाही. पण त्या टबासाठी माझ्या लेकीला, नाहीतर आमच्या वस्तीतल्या कुणाच्याही लेकराला हाक गेली, की मी हॉलच्या मधोमध उभी राहणार. नक्कल नाही, विनोद नाही. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलणार.

ज्यांना पाणी बदलून हवंय, त्यांनी स्वतः उठावं.