मी न सांगितलेली ओळ

भुतंखेतं, अंगात येणं, असलं सगळं अडाण्यांचं, असं मी तरुणपणी नाक वर करून सांगत असे. आता नाक तेवढं वर जात नाही. पण मत बदललंय असंही नाही. घडलं ते लिहिते, ठरवायचं ते तुम्ही ठरवा.

महाराजांच्या अमदानीत मी कोल्हापुरातल्या एका इस्पितळात नर्सिंग शिकवायला आले. वय चोवीस, मुंबईचा मिडवाइफचा दाखला, पुण्याची जीभ... आणि गर्व असा, की खोलीत आधी तो शिरायचा, मागून मी. पाच विद्यार्थिनी होत्या. त्यांना ताप मोजता येवो न येवो, त्यांच्या ‘न्हाय’चं ‘नाही’ करायला मी कंबर कसली होती.

वर्गाला खोली नव्हती. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या टोकाला बाक टाकून शिकवायचे. त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. वॉर्डात एकटी शिरोळची तारा, पहाटे बाळंत झालेली, डोळे मिटून पडली होती. बाळंतपण मी केलं होतं. मुलामागून पडते ती वार तपासून ‘पूर्ण’ असा शेराही मीच मारला होता.

थर्मामीटर कसा धुवावा ते मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मग वह्या घेतल्या. पहिल्या वहीत शेवटची ओळ — ‘माझी वार समदी पडली न्हाय.’

मी काय केलं असेल? लाल शाईनं ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं, ‘समदी’चं ‘सगळी’. दुसऱ्या वहीतही तेच. तिसऱ्या वहीत हात थांबला. माझी वार? माझं तर लग्नसुद्धा झालेलं नव्हतं!

ही चेष्टा कुणाची, असं मी दरडावून विचारलं. हातकणंगल्याची अमिना, सगळ्यांत थोराड, शांतपणे म्हणाली, “तुमीच सांगितलासा की, बाई. आमी लिवलं.” चौघींनी माना हलवल्या. असलं अशुद्ध मी बोलूच शकत नाही, असं मी ठणकावलं. अमिनाचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, ताराच्या खाटेकडे होतं.

“कुनी का सांगंना. बगा तरी.”

पांघरूण उचललं. चादर रक्तानं भिजली होती, नाडी बोटाला लागेना. डॉक्टर धावत आले, आत राहिलेला तुकडा त्यांनी काढला. तारा वाचली. माझा शेरा खोटा ठरला, हे डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सांगितलं. ते बरं झालं.

पंधरा दिवसांनी ती घरी निघाली तेव्हा विचारलं, हाक का नाही मारलीस? सुईणीची लेक ती, तिला कळलं होतं. म्हणाली, “जीभच उचलंना, बाई. मनातल्या मनात तेवडंच म्हनत हुतो.”

काय म्हणत होतीस, ते विचारलं. तिनं सांगितलं. शब्दाला शब्द तोच.

पुढे तीस वर्षं शिकवलं, पुन्हा असं काही झालं नाही. तिच्या मनातलं माझ्या तोंडून कसं निघालं, ठाऊक नाही. पण त्याहून मोठं कोडं दुसरंच — पाच जणींना ऐकू आलेलं ते वाक्य मला एकटीलाच का ऐकू आलं नाही?