जांभळा पाइप कशाचा?

मीटिंग रूमच्या मोठ्या स्क्रीनवर सहा रंगांचे आडवे पट्टे आले, तेव्हा मी केबल खोचत टेबलाखाली होतो. डोकं बाहेर काढलं आणि ते पट्टे ओळखले.

कतारमध्ये, अल रय्यानमधल्या एका पाइपलाइन कंपनीत मी आयटी सपोर्टला आहे. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, भूमच्या कॉलेजातला. ही नोकरी मला आमचे पाइपिंग मॅनेजर देशमाने सर यांनी दिली. तेच समोर बसले होते.

पट्टे रॉमेलचे. तो आमच्याकडे ड्रॉइंग सांभाळतो, मूळचा मनीलाचा. नोकरी करत ऑनलाइन एमए करतो. विषय, त्याच्या देशातल्या समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या चळवळीचा इतिहास. पट्टे म्हणजे त्या चळवळीचा झेंडा. त्या संध्याकाळी त्याची तोंडी परीक्षा होती आणि स्लाइड्सची फाइल उघडेना, म्हणून मी ती माझ्या लॅपटॉपवर दुरुस्त केली. बंद करायची राहिली आणि तोच लॅपटॉप मीटिंगला जोडला. या विषयावर इथे ऑफिसात कोणी बोलत नाही. रॉमेलची नोकरी माझ्या केबलला लटकली होती.

"हा कुठला कलर कोड?" सरांनी विचारलं.

आतून काय वाहतं ते कळावं म्हणून पाइपांना ठरावीक रंग देतात, तो कलर कोड. सरांचं आयुष्य त्यातच गेलंय.

"फिलिपिन्सचा, सर," कोपऱ्यातून रॉमेल म्हणाला. खोटं नव्हतं.

"हिरवा पाणी, लाल फायर. जांभळा ॲसिडचा असणार."

मी घाईत लॅपटॉप बंद करायला गेलो आणि पुढची स्लाइड आली. पावसात फलक घेऊन चाललेली माणसं.

"सेफ्टी वॉक?" सरांना ती सुरक्षेची फेरी वाटली.

"तसंच, सर. आधी थोडेच होते. लोक हसायचे. तरी निघाले."

"मागणी काय?"

"भेदभावाविरुद्ध कायदा. संसदेत अडकलाय, वर्षानुवर्षं."

"म्हणजे अप्रूव्हल पेंडिंग." सरांचा चेहरा खरोखर उतरला. "फॉलो-अप कोण करतं?"

"आम्हीच, सर. दरवर्षी चालतो."

"सोडू नका," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "नितीन, आता आपलं लाव. यल्ला, चल लवकर."

रॉमेल पास झाला. चळवळीला अनपेक्षित पाठिंबा कुठून मिळाला, असं परीक्षकांनी विचारलं. तो म्हणाला, एका पाइपिंग मॅनेजरकडून.

सर अजूनही उशीर करणाऱ्या सप्लायरला सुनावतात, "फॉलो-अप मनीलावाल्यांकडून शिका." तेव्हा रॉमेल ड्रॉइंगमध्ये डोकं घालतो.

माझा धडा साधा आहे. केबल जोडण्याआधी सगळ्या फाइली बंद कराव्यात. आणि साइटवर जांभळ्या पाइपाजवळून जाताना हसू नये. हेल्मेट घातलं तरी हसू दिसतं.