मिस्त्रीचा नेम

मिस्त्रीच्या हातून बसलेलं दार कधी कुरकुरत नाही, असं गिऱ्हाइकं सांगायची. खरंच होतं ते. त्याच्या घरात कुरकुरायची सोय माणसांनासुद्धा नव्हती, मग दारांची काय बिशाद!

पुढे लांबोडकी खोली, तो कारखाना. मागे दोन खोल्यांत संसार. कारखान्याच्या एका टोकाला मिस्त्रीचं बाक, दुसऱ्या टोकाला घरात जायचं दार. त्या दाराची चौकट कोणी नीट पाहिली असती, तर त्याला मिस्त्रीच्या संसाराची सगळी हकिगत कळली असती. चौकटीची एक बाजू खड्ड्यांनी भरलेली, दुसरी कोरी करकरीत. हातोडी, पटाशी, काटकोन मापायचा लोखंडी गुण्या, एकदा तर उकळत्या सरसाचा डबा, जे काही बाकावरून सुटायचं ते त्या एकाच बाजूला येऊन आदळायचं. दारात उभ्या असलेल्या माणसापासून वीतभर लांब.

हे गणित मिस्त्रीणबाईला लग्नाच्या पहिल्याच वर्षी उमगलं होतं, आणि तेही फुकट नाही. पहिल्यांदा रंधा आला तेव्हा ती जीव वाचवायला बाजूला सरली, आणि नेमका तो तिच्या कोपरावर बसला. तो हात अजून पुरता सरळ होत नाही. पुढच्या खेपेला ती भीतीने जागच्या जागी थिजली, तर हातोडी कानाजवळून निघून गेली. तिसऱ्या खेपेला ती मुद्दाम थिजली. तेव्हापासून घरात एक कायदा झाला. मुलगी झाली, चालायला लागली, तेव्हा आईने तिला विस्तवाला हात लावू नये हे शिकवलं आणि त्याच दमात हेही शिकवलं, "बाबांच्या हातात काही आलं की हलायचं नाही. जिथे असशील तिथे उभं राहायचं. कळलं?"

मुलगी अंगाने इतकी किडकिडीत की सगळे तिला काडीच म्हणायचे. काडी शहाणी होती. हलायची नाही.

हाताच्या अंतरात सापडलं तर मात्र मिस्त्रीचा नेम चुकत नसे. तिथे दोघींना मार होताच, आणि तो खाल्ला जायचा. हाताने मारलेलं भरून येतं, फेकलेलं लोखंड भरून येऊ देत नाही, असा मिस्त्रीणबाईचा हिशेब. ऐकणाऱ्याला हा हिशेब वेडगळ वाटेल. ज्याला रोज करावा लागतो त्याला वाटत नाही.

आणि या सगळ्याला एक कारण होतं. घरात ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. मिस्त्रीचं डोकं दुखायचं.

"डोकं दुखतं गं त्याचं," सासू म्हणायची. "लहानपणापासून दुखतं. मनाचा वाईट नाही माझा पोरगा." सुनेच्या ओठाला टाके पडले तेव्हाही ती हेच म्हणाली, आणि टाके घालून आलेल्या सुनेनेही मान डोलावली. का नाही डोलावणार? माणूस वाईट असेल तर इलाज नाही. डोकं दुखत असेल तर इलाज आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा तिला त्या डोकेदुखीचा आधार होता.

दुखणं खोटं नव्हतं, हे मात्र मिस्त्रीच्या बाजूने सांगायला हवं. दिवस कलला की तो कपाळ मुठीने ठेचायचा. एकदा नव्या घराच्या चौकटी बसवायला गेला, तर त्याला लांबून ओळंब्याच्या एका दोराचे दोन दिसायला लागले. कोणत्या दोराला प्रमाण मानावं ते कळेना. चौकट कलली, गिऱ्हाइकाने चारचौघांत झाडलं. त्या दिवशी घरी आल्यावर काय झालं ते चौकटीच्या खड्ड्यांना विचारा. पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रीणबाईने त्याला चष्मेवाल्याकडे नेलं, आणि तो आला.

चष्मेवाला हसतमुख, बोलका आणि काहीसा पाल्हाळिक होता. त्याने भिंतीवर सायकलच्या चाकासारखे आरे काढलेलं एक चित्र दाखवलं. "कोणते आरे ठळक दिसतात?"

"आडवे," मिस्त्री म्हणाला. "उभे पुसट आहेत. दुहेरी आहेत."

चष्मेवाल्याने काचांमागून काचा बदलल्या, आणि शेवटी कागदावर आकडे लिहून मिस्त्रीणबाईसमोर धरले. मिस्त्री पलीकडे फ्रेमी बघत होता. तिने वाचलं आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"अहो, नव्वद? नव्वद नंबर आहे त्यांना?"

चष्मेवाला खदखदून हसला. "सगळे तिथेच घाबरतात! अहो बाई, तो नंबर नाही, ती दिशा आहे. हे बघा, तीन घरं आहेत. पहिल्यात अर्धा, तो साधा लांबचा नंबर, किरकोळ आहे. दुसऱ्यात तीन, हा सिलिंडरचा. खरा त्रास याचा. डोळ्याचा पुढचा भाग चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल हवा. यांचा एका अंगाने जास्त वळलाय, अंड्यासारखा. किती जास्त, ते हा तीन सांगतो. आणि तिसऱ्यात नव्वद, म्हणजे ती काच कोणत्या दिशेने बसवायची ते. शून्यापासून एकशे ऐंशीपर्यंत काहीही असू शकतं. एकशे ऐंशी असला म्हणून माणूस आंधळा होत नाही, आणि पाच असला म्हणून डोळा चांगला होत नाही. तुमच्या मिस्त्रींना विचारा, गुण्या जसा लावाल तशी रेघ येते की नाही? तसंच."

"मग आकड्याआधी हा उणे कशाला लावलाय?"

"कोणत्या जातीची काच, ते कळायला. उणे म्हणजे वाईट नाही."

"आणि जवळचं काम कसं करतात मग हे?"

"जवळचं त्यांना जमतं. हाताच्या अंतरात डोळा सांभाळून घेतो. लांबचं उभं काही असलं की त्याच्या शेजारी त्याची सावली दिसते. खांब, चौकट, दोर, माणूस. माणूसही उभाच असतो की!"

मिस्त्रीणबाई तो कागद हातात धरून बसून राहिली. म्हणजे इतकी वर्षं त्याने हातोडी मारली ती तिच्या शेजारच्या सावलीला. ती वाचली ती देवाच्या कृपेने नाही, तिच्या शहाणपणानेही नाही, त्या तीन नंबरामुळे. आणि चष्मा लागल्यावर? मग तिने स्वतःलाच दटावलं. डोकं दुखायचं थांबल्यावर फेकणार कोण आणि कशाला?

"आलाच आहात तर तुमचेही तपासतो," चष्मेवाला म्हणाला. तपासले, आणि त्याने हात जोडले. "बाई, तुम्ही माझा धंदा बुडवाल. तुमच्या डोळ्यांना नंबरच नाही. लांबचं, जवळचं, उभं, आडवं, सगळं लख्ख."

चष्मा आला. पहिले काही दिवस मिस्त्रीला जमीन उताराला लागल्यासारखी वाटायची. सपाट फरशीवर तो पाय उचलून उचलून टाकायचा, आणि काडी तोंडावर हात ठेवून हसायची. त्याने तिला हसताना पाहिलं, तरी काही केलं नाही. मग जमीन सरळ झाली. कपाळ ठेचणं थांबलं. मिस्त्री काम करताना शीळ घालायला लागला. कधी घातली नव्हती. बायको गल्लीभर सांगत सुटली, "डोळ्याचं होतं हो सगळं, आणि आम्ही राग राग म्हणत बसलो!" तिचा आनंद बघून शेजारणींनी माना डोलावल्या. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे तिच्या तोंडावर बोलायला कोणाची जीभ रेटली नाही.

एका सकाळी मिस्त्री कपाटाचं दार बसवत होता. काडी चहा घेऊन गेली. कप बाकावर ठेवून ती परत घराच्या दाराशी आली, वळली आणि म्हणाली, "बाबा, बिजागरी उलट्या बाजूला लागलीय. दार भिंतीवर आपटेल."

खरं होतं. म्हणूनच झोंबलं.

मिस्त्रीची शीळ थांबली. त्याने लाकडी हातोडा उचलला. मिस्त्रीणबाई आतून हात पुसत येऊन काडीच्या बाजूला पोचली होती. तिने हातोडा पाहिला, लेकीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तळहात वर केला. हलू नकोस.

काडी हलली नाही.

हातोडा सरळ आला. चौकटीच्या खड्ड्यांच्या बाजूला गेला नाही, कोऱ्या बाजूलाही गेला नाही. काडीच्या डोळ्याखालच्या हाडावर तो बसला, आणि आवाज झाला तो ओलं लाकूड फुटल्यासारखा.  काडी भिंतीला टेकून खाली घसरली. नाकातून, गालातून रक्त आलं, ते तिच्या हनुवटीवरून भुशात पडलं आणि भुसा लाल होऊन गोळा झाला. आईचा तळहात अजून वरच होता.

हाड फुटलं होतं. डॉक्टरांनी गाल शिवला. "बोटभर वर बसलं असतं तर डोळा गेला असता," ते म्हणाले, आणि मग विचारलं, "हे झालं कसं?" मिस्त्रीणबाईचं उत्तर तयार होतं, नेहमीचं, जिन्यावरून पडल्याचं. ते तिच्या तोंडातून बाहेर येईना.

"बापाने मारलं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

दोघी घरी आल्या तेव्हा ऊन अजून वर होतं. मिस्त्री बाकाशी उभा राहून चष्मा फडक्याने पुसत होता. हातोडा दाराशी तसाच पडला होता. कोणी उचलला नव्हता. सासू कोपऱ्यात बसली होती. काडीचा अर्धा चेहरा पट्टीत बघून ती कळवळली आणि लगेच म्हणाली, "त्याचं डोकं दुखत असेल गं."

मिस्त्रीणबाई नवऱ्याकडे वळली. "डोकं दुखत होतं का हो तुमचं?"

तिने एवढंच मागितलं होतं त्याच्याकडे. हो म्हणाला असता, तर कदाचित तिने पुन्हा एकदा मान डोलावली असती. माणसाची आशा धरायची खोड मोठी वाईट.

मिस्त्रीने चष्मा नाकावर चढवला. "नाही," तो म्हणाला. "चष्मा लागल्यापासून एकदाही नाही."

"मग का मारलंत तिला?"

"मला शिकवते? काल जन्मलेली पोर?" त्याचा आवाज चढला. "आणि हलायला काय झालं होतं तिला? समोरून हातोडा येतोय आणि ही खांबासारखी उभी! मूर्ख कुठली!"

सासूने तोंड भिंतीकडे फिरवलं.  मिस्त्रीणबाईला स्वतःचा तो वर केलेला तळहात दिसला. लेकीला तिने दिलेलं एकुलतं एक शहाणपण, आणि त्यानेच तिचं हाड फोडलं. तिला वाटलं, हात तोडून टाकावा.

"तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "कधीच काही झालेलं नव्हतं. तुम्ही असेच आहात."

असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्याचं तोंड काळंनिळं झालं. त्याने बाकावरची पटाशी उचलली. सकाळीच धार लावलेली. पण तिच्याकडे बघून नाही. दारात काडी उभी होती, तिच्याकडे बघून. आईला कुठे लागतं ते त्याला चांगलं माहीत होतं. आणि काडी, एक डोळा पट्टीत, दुसरा बापाच्या हातावर, शिकवल्याप्रमाणे जिथल्या तिथे थांबली.

मिस्त्रीणबाई वाकली. हातोडा उचलला. तिने आयुष्यात कधी कोणावर साधा चमचा फेकला नव्हता. कोपराने वाकड्या हाताने ते व्हायचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या हाताने, सगळा जीव एकवटून तिने तो फेकला.

पटाशी वर गेलेली असतानाच हातोडा मिस्त्रीच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आज दुसऱ्यांदा झाला त्या खोलीत. पटाशी खणखणत फरशीवर पडली. मिस्त्री गुडघ्यांवर आला, मनगट पोटाशी धरून गुरासारखा हंबरला. चष्मा नाकावरून घसरून भुशात पडला. सासू किंचाळली, "अगं, मारलंस माझ्या पोराला!"

मिस्त्रीणबाई चालत बाकापाशी गेली. पटाशी पायाने लांब सरकवली. चष्मा उचलला. फुटला नव्हता. तिने त्याच्या काचा फुंकून, पुसून साफ केल्या आणि तो परत नवऱ्याच्या नाकावर नीट बसवला. 

"दिसतंय ना नीट?" ती म्हणाली. "मग बघून ठेवा. शेजारी सावली नाही, मीच आहे. आणि माझ्या डोळ्यांना नंबर नाही. चष्मेवाल्याने तपासलेत."

तिने वळून दाराकडे पाहिलं. काडी अजून तशीच उभी होती. पाय जमिनीला चिकटल्यासारखे.

"हल," आई म्हणाली. मग दाराशी येऊन तिने पुन्हा म्हटलं, "हल, बाळ. हलायचं आता."

काडीने एक पाऊल बाजूला टाकलं. मग दुसरं. मग दोघी रस्त्यावर आल्या आणि काडीच्या मामाच्या घराच्या दिशेने चालू लागल्या.